सुनेचा बुधवार

"घरी बसूनच काम कराचं होतं, तं मिहानात एवढी काचेची बिल्डिंग बांधली कायले?" वहिनींचा हा सवाल तुरीच्या ओल्या शेंगांच्या टोपल्यासकट भिंतीवरून माझ्याकडे आला.

आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढं वॉलकंपाउंड आणि त्यावर दोन पदरी तार. तार नावालाच. विरजण, कढीपत्ता, गॅसचं पुस्तक आणि सावनेरातली कोणतीही बातमी तिच्यातून आरपार जाते. आज बातमी घरचीच होती. सुनेनं साहेबाला अर्ज टाकला होता. तिला आठवड्यातला शुक्रवार घरून काम करायला मिळतो. आता तिला बुधवारही हवा होता.

"टाकला तं टाकला," वहिनी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "पण त्यात काय लिहिलं माहीत आहे काय, बाई? सासूची तब्येत ठीक नसते म्हणे! मले काय झालं? मागच्या संकष्टीले अदासाची टेकडी चढून आली मी. हे मधातच बसले होते दम खात."

'हे' म्हणजे भाऊजी. वेकोलितून निवृत्त, ओसरीत खाटेवर, पेपरमागे. पेपर हलला नाही, पण आतून आवाज आला. "गुडघा दुखत होता माहा."

"तेच सांगून राहिली मी. तब्येत लिहाची होती तं तुमची लिहाची होती."

मी निम्मे सोले माझ्या ताटलीत ओढून घेतले. सोलेभाताचा वाटा ठरलेलाच असतो. म्हटलं, "वहिनी, पोरीला जायला-यायला किती वेळ लागतो ते पाहिलं का कधी?"

तसं आम्ही सगळे रोज पाहतोच. सकाळी अंधारात ती गेटाची कडी वाजू न देता निघते. एसटीनं पाटणसावंगी, कोराडी, मानकापूर करत सीताबर्डी, तिथून मेट्रोनं खापरी, खापरीहून पुढे कंपनीची गाडी. सावनेर ते नागपूर अंतर काही फार नाही. पण मिहान नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्याच्या रस्त्याला, आणि आपण छिंदवाड्याच्या. म्हणजे अख्खं शहर रोज दोनदा ओलांडायचं. दोन तास जायला, आणि संध्याकाळी मानकापूरला गाड्या तुंबल्या की यायला किती ते विचारू नका.

"तिकीट तं अर्धंच लागते बायांले," पेपरमागून आवाज आला. "१७ मार्च २०२३ पासून. सरकारनं एवढं करून ठेवलं, आनखी काय पायजे?"

"तिकीट अर्धं झालं," वहिनी म्हणाल्या, "रस्ता थोडी अर्धा झाला?"

हे त्यांनी नवऱ्याला सुनावलं की सुनेची बाजू घेतली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वहिनींचं असंच असतं. सुनेविरुद्ध बोलायला भिंतीपाशी येतात आणि दुसऱ्या कोणी सुनेविरुद्ध बोललं की त्यालाच झोडपतात.

भाऊजींनी शेवटी पेपर खाली ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सारी नोकरी खाणीत गेली. कोळसा काय घरून काढला असता? बायोमेट्रिक आलं तेही शेवटी शेवटी. त्याआधी हाजरीबाबू, रजिस्टर आणि पिंजऱ्यातून खाली. हाजरी लागली की दिवस भरला. "माणूस समोर दिसला पायजे, बाई. दिसला नाई तं काम करून राहिला की झोपून, साहेबाले कसं समजन?"

मला वाटतं सगळा गुंता इथेच आहे. मिहानातला साहेब टाय लावत असेल, इंग्रजी बोलत असेल, पण मनानं तोही हाजरीच्या खिडकीपाशीच उभा आहे. आणि साहेबाला एकट्यालाच का नावं ठेवा? शाळेत आमचंही तेच होतं. बाई वर्गात उभ्या म्हणजे शिकवणं चालू. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू' म्हणत आम्हाला मोबाइलवर बसवलं, तेव्हा गच्चीवर रेंज शोधत शिकवताना मी घाम गाळला, तेवढा कधी फळ्यापाशी गाळला नसेल. पण शेजारपाजारचे म्हणायचे, बाईंना सध्या सुट्टीच आहे.

संध्याकाळी सून स्वतःच भिंतीपाशी आली. अजून बॅग खांद्यावर, पायात ऑफिसच्या चपला. "काकू, तुम्ही एकदा वाचून द्या ना. साहेबांनी म्हटलं नीट लिहून पाठव, मग बघतो. म्हणजे पहिला अर्ज गेलाच समजा."

तिनं मोबाइल तारेवरून माझ्या हातात दिला. बाळ दीड वर्षाचं, सासूची तब्येत, प्रवासाचा त्रास, रात्री झोप होत नाही, कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा. मी आयुष्यभर असले अर्ज वाचले आहेत. पोटात दुखते, घरी लग्न आहे, आजोबा वारले. आजोबांच्या अर्जावर मी रजा दिली, पण एकदाच. त्याच पोराचे आजोबा दुसऱ्यांदा वारले तेव्हा पालकांना बोलावून घेतलं.

"हे सगळं खरं आहे गं," मी म्हटलं, "पण याच्यावर साहेब दया करील, आणि दया पुरवून पुरवून वापरावी लागते. सहा महिन्यांनी तोच विचारील, बाळ मोठं झालं ना आता? सासूबाईंचं कसं आहे? मग काय सांगशील?"

"मी ठणठणीत आहे म्हणून सांग," स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी.

ती हसली. मग मी विचारलं, शुक्रवारी तू घरी काय करतेस, म्हणजे ऑफिसचं काय? तिचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. नवीन काही बनलं की ते कुठे अडकतं, कुठे चुकतं ते शोधून लिहायचं. शुक्रवारी ते झपाट्यानं होतं म्हणाली, कारण ऑफिसात दर दहा मिनिटांनी कोणी खुर्ची ओढून शेजारी बसतं. घरी डोकं एका जागी राहतं. म्हटलं, मग हेच लिही की! गेल्या तीन महिन्यांचे शुक्रवार काढ, त्या दिवशी किती काम पुरं झालं आणि बाकीच्या वारी किती, शेजारी शेजारी मांड. साहेबाला तुझी झोप दिसत नाही, आकडा दिसतो.

"पण ते म्हणतील, तुला दिलं तर सगळ्यांनाच द्यावं लागेल."

हे उत्तर प्रत्येक साहेबाच्या टेबलाच्या खणात तयारच असतं. त्यावर एक उपाय, कायमचं मागायचं नाही. तीन महिने बघा म्हणायचं. तीन महिन्यांनी दोघांनी बसून हिशेब करायचा, काम घसरलं असेल तर बुधवार परत. आणि अमुक दिवशी मोठं काम ऑफिसात सोडायचं असेल, तर बुधवार असो की शुक्रवार, मी हजर, हेही आपणच आधी लिहून द्यायचं. नाही म्हणायला जागाच कमी ठेवायची.

"अन लाइन गेली तं?" भाऊजी. हा माणूस खाणीतला, त्यांना आधी बिघाड दिसतो.

खरी अडचण तीच होती. खापरखेडा आपल्याच तालुक्यात, १,३४० मेगावॅटचं केंद्र, पलीकडे कोराडीच्या चिमण्या. राख आपल्याकडे, धूर आपल्याकडे, आणि ऐन मीटिंगमधे लाइन जाते तीही आपल्याकडेच. तिनं सांगितलं, इन्व्हर्टर आहे आणि इंटरनेट गेलं तर मोबाइलवरून चालतं. म्हटलं, हे पण लिही. साहेबाला सावनेर म्हणजे कंदिलाचं गाव वाटत असेल.

वारं मात्र उलटं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. टीसीएसनं २०२० मध्ये मोठ्या डौलानं सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्केच माणसं ऑफिसात लागतील. आणि त्याच कंपनीनं ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस या म्हटलं. इन्फोसिसनं मधला रस्ता धरला, महिन्यातून दहा दिवस तरी या. सुनेची कंपनी या दोहोंपैकी नव्हे, पण साहेब लोक एकमेकांचं पाहूनच ठरवतात. वर मिहान एसईझेड. तिथल्या कंपनीला कॉम्प्युटर ड्यूटी न भरता मिळतो, म्हणून तो कुंपणाबाहेर न्यायचा तर सरकारदरबारी हिशेब. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं त्याचा नियम काढला, आधी निम्म्या माणसांपुरता आणि एका वर्षापुरता. डिसेंबरात तो सैल केला. "म्हंजे घरून काम कराले दिल्लीची परवानगी लागते काय?" वहिनींनी विचारलं. होय, काही अंशी लागत होती.

"कायद्यात नाई काय काही?" भाऊजींनी विचारलं. युनियनचा माणूस, कायद्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

थोडं आहे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा सुधारला, पहिल्या दोन बाळंतपणांना रजा २६ आठवडे झाली, आणि रजा संपल्यावर, काम तसं असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करता येईल असं कलम आलं. ठरवून! म्हणजे मालक हो म्हणाला तर. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही हवं.

"आहे पाळणाघर," सून म्हणाली. "चांगलं आहे. पण एवढ्याशा पोराला अंधारात एसटीत बसवून नेऊ का, काका?"

भाऊजी गप्प झाले. नातवाचा विषय निघाला की त्यांची युनियन फुटते.

मग वहिनींनी त्यांच्या भाचीचं काढलं. ती इंग्लंडात, लीड्सला. तिथे ६ एप्रिल २०२४ पासून असा कायदा आहे की नोकरीच्या पहिल्याच दिवसापासून कोणीही असा अर्ज करू शकतो. आधी २६ आठवड्यांची नोकरी लागायची. वर्षातून दोनदा मागता येतं. मालकानं दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नाकारायच्या आधी माणसाशी बोलायचं, आणि नाकारायचं तर कायद्यात लिहिलेल्या आठ कारणांतलंच कारण द्यायचं. मनाला येईल ते नाही.

"म्हंजे मागाचा हक्क, भेटाचा नाई," भाऊजी म्हणाले.

बरोबर ओळखलं. पण मागितल्याबद्दल डोळे वटारायची सोय गेली, हे काय कमी आहे? आपल्याकडे पोरगी आधी मैत्रिणीला विचारते, मग नवऱ्याला, मग शेजारच्या काकूला, मग देवाला, आणि शेवटी साहेबाला. तोवर निम्मं धैर्य संपलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी तिला आवर्जून अर्जाला जोडायला लावली. चीनमधे ट्रिप डॉट कॉम म्हणून प्रवासाची तिकिटं विकणारी मोठी कंपनी आहे. तिथे निकोलस ब्लूम नावाच्या स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या जोडीदारांनी १,६१२ माणसांवर प्रयोग केला. जन्मतारीख विषम त्यांना आठवड्यातून दोन दिवस घर, सम त्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये 'नेचर'मधे छापून आलं. काम घसरलं नाही, बढत्या कमी झाल्या नाहीत, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं उतरलं. त्यातही बाया आणि लांबून येणारे यांच्यात फरक ठळक. सुरुवातीला साहेब लोक म्हणत होते काम बुडेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत फिरलं. आणि घरचे दोन वार कोणते होते? बुधवार आणि शुक्रवार.

"आमच्या सुनंची तारीख विषम आहे काय, बाई?" वहिनींना एवढंच लक्षात राहिलं.

मला यातली नोकरी सोडून जाण्याची गोष्ट सगळ्यात कामाची वाटली. कारण साहेबाला खरी भीती तीच असते. नवीन माणूस घ्यायचा, शिकवायचा, तो हाताशी येईस्तोवर काम लटकलेलं. पोरीनं धमकी द्यायची नाही, फक्त कागद जोडायचा. साहेब शिकलेला आहे, समजेल.

अर्ज गेला. तब्येत गेली, झोप गेली, सहानुभूती गेली. प्रवास एका ओळीत राहिला, तोही असा की वाचलेल्या वेळातून सकाळी साडेआठलाच लॉगिन करीन. बाळाचा उल्लेख नाही. तो ठेवावा की नाही यावर आमचं अर्धा तास चाललं. वहिनींचं म्हणणं, लेकराचं लिहिलं की दगडाला पाझर फुटतो. माझं म्हणणं, साहेबाला पाझर नको, उत्तर हवंय.

साहेबानं बुधवार दिला. तीन महिन्यांपुरता. त्यानं एक अट घातली, सकाळच्या मीटिंगमधे कॅमेरा चालू पाहिजे. तीही तिनं मेलवर लिहून घेतली. तोंडी 'ठीक आहे, कर तू' यावर भरवसा ठेवू नये, साहेबांच्या बदल्या होतात.

पहिल्या बुधवारी मी भिंतीपाशी मेथी निवडत होते. सून मधल्या खोलीत, कानात ते यंत्र, समोर लॅपटॉप. दहा वाजता कुकरच्या शिट्ट्या. सव्वादहाला गॅसवाला. "तू घरीच आहेस तं घेऊन टाक." साडेदहाला वहिनींची जाऊ आली केळवदहून. "पोरगी घरी आहे म्हणे आज, म्हटलं भेटून घेऊ." सून कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत बोलून राहिली आणि मागे खुर्चीवर जाऊबाई पदर सावरत साहेबाला न्याहाळून राहिल्या. बाराला गहू दळायला ठेवून यायचं निघालं. तीनला बाळ झोपेतून उठलं आणि ते आईच्या हातातच गप्प बसतं, असा शोध लागला. संध्याकाळी सहाला पोरगी अंगणात आली ती दोन एसटी बदलून आल्यासारखी.

"काकू, याच्यापेक्षा मिहान बरं होतं," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण तारेला कान आहेत.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी वहिनींना म्हटलं, "साहेबानं बुधवार दिला. तुम्ही कधी देता?"

"मी कोन देनारी? मी काय तिची मालकीन आहे?"





आता मला वाटलं होतं वहिनी रागावतील. त्यांनी शेंगांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि तारेला दोन्ही हात टेकवले. "बाई, एक सांगा. ती घरून काम करन, तिले पगार. साहेबाचं काम होईन, त्याले पैसा. नातू कोन पाहीन? मी. चहा कोन देईन? मी. शिट्टी नको, मिक्सर नको, टीव्ही नको, पाहुना नको, हेही मीच पाहाचं. मंग माह्या बुधवाराचा अर्ज कोनाले द्याचा?"

खरं सांगते, माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. चीनच्या त्या प्रयोगात १,६१२ माणसं मोजली, त्यांच्या घरातल्या सासवा कोणी मोजल्या नसाव्यात. सुनेच्या अर्जात आम्ही इन्व्हर्टर लिहिला, मोबाइलचं नेट लिहिलं, वहिनी लिहिल्याच नाहीत. पहिल्या मसुद्यात होत्या, त्याही आजारी म्हणून.

"मग करा तुम्हीही अर्ज," मी म्हटलं. "मी लिहिते."

थट्टेत म्हटलं होतं. वहिनी आत गेल्या, नातवाची पाटी नव्हे, चांगली फुलस्केप वही घेऊन आल्या. रविवारी सून, मुलगा आणि भाऊजी अंगणात बसलेले असताना तो अर्ज भिंतीवरूनच मी वाचून दाखवला. बुधवारी नऊ ते सहा नातू माझ्याकडे, सुनेनं दार लावून घ्यावं, गॅसवाला आणि पाहुणे मी पाहीन. जाऊबाईला सहाच्या नंतर यायला सांगितलं आहे. दळण शनिवारी. त्याबदल्यात शुक्रवार माझा, भजनी मंडळाचा. त्या दिवशी मी घरात असले तरी नाही असं धरावं. संकष्टीला सुट्टी. तीन महिने बघू.

"आणि रविवारी?" मुलानं विचारलं. तो कळमेश्वरला एमआयडीसीत पाळीनं जातो, त्याला रविवारचं महत्त्व.

"संडे ड्युटी लावली तं डबल," वहिनी म्हणाल्या. "तुह्या बापाले वेकोलि देत नव्हती काय?"

भाऊजी उठून बसले. "ते युनियननं मिळवलं होतं."

"मंग मी तुमच्याच युनियनमधे आहे."

सून हसत हसत सही करायला पेन शोधत होती. भाऊजी वही हातात घेऊन दोनदा वाचून गेले, आणि त्यांना पहिला बिघाड सापडला. "अन शुक्रवारी ही ऑनलाइन, तू भजनात. पोट्टं कोन पाहीन?"

"फर्स्ट शिफ्ट तुमची," वहिनी म्हणाल्या, "सेकंड शिफ्ट पोराची. दोन वाजता चार्ज देऊन द्या त्याले. अन चहा ज्याचा त्यानं कराचा, इथं कँटीन नाई."